आज बंदरावर काय आलं, ते फळ्यावर लिहा की!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात पुण्याच्या एका वाचकाचं पत्र आलं होतं, मालवणात मासे खायला गेलो आणि लुटले गेलो अशा अर्थाचं, आणि दोन दिवसांनी इकडच्याच कुणीतरी त्याला उत्तर दिलं की आमचा सीझन चार महिन्यांचा, नोकरांचे पगार बारा महिन्यांचे, तुम्ही शहरात पिझ्झ्याला किती मोजता ते बघा आधी. दोन्ही पत्रं मी दोन-दोनदा वाचली. दोघांचंही थोडंथोडं पटलं, पण दोघं मूळ गोष्ट सोडून भलत्याच बांधावर भांडतायत असं वाटलं म्हणून लिहायला घेतलं. मोबाईलवर टाईप करतेय, चुका सुधारून घ्या, लांबलं तर कापा, पण मधला पेडव्यांचा (आमच्याकडच्या छोट्या काटेरी माशांचा) भाग तेवढा कापू नका.

आधी माझं सांगून टाकते म्हणजे मागाहून कुणी बोलायला नको. तारकर्लीत आमचं न्याहारी-निवास आहे, दोनच खोल्या. सकाळी घावणे-चटणी, नाहीतर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ देते. दुपारचं-रात्रीचं जेवण देत नाही कारण गुडघे ऐकत नाहीत. त्यामुळे होतं काय, माझे गेस्ट जेवतात बाहेर आणि रागवायला येतात माझ्याकडे. काकू, तुम्ही सांगितलेल्या हॉटेलात दीड तास लाईन होती. काकू, सुरमई एवढीशी होती. काकू, सोलकढीची दुसरी वाटी मागितली तर चाळीस रुपये लावले. मी आपलं हो का, हो का करते आणि दुसऱ्या दिवशी घावणा एक जास्त घालते पानात. म्हणजे मी काही हॉटेलवाल्यांची दुश्मन नाही आणि टुरिस्टांची तर नाहीच, दोघांच्या मध्ये सापडलेली बाई आहे.

आता नाताळच्या आठवड्यातली गोष्ट. चिंचवडचं एक कुटुंब उतरलं होतं माझ्याकडे, नवरा-बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि त्याची आजी. माणसं चांगली, चप्पल बाहेर काढणारी. सकाळी मी त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेले कारण रापण लागली होती. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, रापण म्हणजे होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर ठेवतात आणि मग दोन्हीकडून माणसं लागून ते जाळं हळूहळू ओढून काढतात, तास दीड तास चालतं हे, आणि आत जे काय गावेल त्याची वाटणी सगळ्यांत होते. पिढ्यान्पिढ्या चाललंय. चिंचवडच्या साहेबांनी पण दोर धरला, फोटो झाले, व्हिडीओ झाला, पोरगा तर ओल्या वाळूत लोळून जाळ्यातल्या चमचमणाऱ्या पेडव्यांना हात लावून लावून बघत होता. पेडवे, थोडे बांगडे, दोन-चार मुडदुशे, एक चुकलेला खेकडा. एक ओळखीची बाई म्हणाली, "बाय, पेडवे व्हयेत? आताच रापणीचे इलेत." मी म्हटलं संध्याकाळी बघू, आता पाहुण्यांबरोबर जेवायला जायचंय. कारण त्यांनी आग्रहच केला होता की काकू आज तुम्ही पण चला, तुम्ही असलात तर फसवणार नाहीत.

तर गेलो. नाव लिहीत नाही, लिहायची गरजच नाही, आमच्या रस्त्यावर अशी दहा आहेत आणि ज्याच्या दाराशी सगळ्यात जास्त पुण्या-मुंबईच्या गाड्या लागल्यात ते हॉटेल समजा. बाहेर टोकन. आमचा नंबर ६३, चालू होता ३१. प्लॅस्टिकच्या खुर्च्या झाडाखाली मांडलेल्या, खुर्ची मिळाली तर नशीब. आजी एका नारळाच्या आळ्याच्या कडेला टेकल्या. सव्वा तास. मधेमधे आतून तळणीचा वास आला की सगळी लाईन एकदम गप्प व्हायची, हे मात्र बघण्यासारखं होतं.

आत गेल्यावर मेनू कार्ड. सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, बांगडा थाळी, स्पेशल थाळी म्हणजे पहिले तिन्ही मिळून, आणि खाली फ्रायमध्ये परत सुरमई पापलेट कोळंबी आणि बोंबील. बोंबील! मालवणात! बोंबील हा मुंबई-पालघर आणि त्याच्या वर गुजरातकडचा मासा, आमच्याकडे तो जाळ्यात येतो तो सुकून, गोणीत भरून, बाजारात. पापलेटचं पण तसंच, पापलेट म्हटलं की सातपाटी हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि सातपाटी पालघर जिल्ह्यात, आमच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे मिळत नाही असं नाही, पण रोज शंभर थाळ्यांना पुरेल एवढं कुठून येणार? २०२३ साली सरकारने त्याला राज्यमासा केला तोच मुळी तो कमी होत चाललाय म्हणून. आणि कोळंबी जी सगळीकडे एकाच मापाची, एकाच रंगाची, मऊ सालीची दिसते ना, ती बहुतेक तळ्यात वाढवलेली, वेनामी जातीची. तिला नावं ठेवत नाही मी, चांगली लागते, पण ती काही समोरच्या समुद्रातली नव्हे.

मी त्या वेटर पोराला विचारलं की पेडवे आहेत का. त्याला कळलंच नाही. झारखंडचा होता बिचारा, सहा महिने झाले म्हणाला येऊन, मराठी बरं बोलत होता, पण पेडवे हा शब्द त्याच्या कानावर कधी पडलेलाच नव्हता. तारले? नाही. मुडदुशे? नाही. मोरी (छोटा शार्क)? "आंटी, सुरमई लो ना, फ्रेश है, सब लोग वोही लेता है." त्याची चूक नाही काहीच. त्याला जे शिकवलं ते तो बोलला.

शेवटी दोन सुरमई थाळ्या, पोराला कोळंबी, मी बांगडा घेतला, साहेबांनी वर एक पापलेट फ्राय मागवलं. त्याच्यासमोर कार्डावर रुपये लिहिलेलेच नव्हते, ए.पी.एस. लिहिलं होतं. म्हणजे काय तर ॲज पर साइझ. आजी शाकाहारी, त्यांना काय मिळालं असेल? पनीर. समुद्राच्या काठावर, जिथे घरोघरी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या होतात, तिथे त्या माऊलीने पनीर बटर मसाला आणि तंदुरी रोटी खाल्ली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवण कसं होतं ते खरं खरं सांगते. वडे उत्तम, फुगलेले, गरम, एका मागोमाग येत होते आणि तेलकट नव्हते, आतल्या बायकांच्या हाताला शंभर मार्क. तिसऱ्यांची (शिंपल्यांची) एक प्लेट घेतली होती तिचं वाटप घरच्यासारखं भाजलेलं, खोबरं नीट काळसर झालेलं. बांगडा ताजा, तो नक्की इथलाच. पण सुरमई! ताजी सुरमई (जुनी माणसं इसवण म्हणतात तिला) तळली की बोटाने दाबल्यावर तिच्या पाकळ्या सुटतात, ओलसर. ही धाग्याधाग्यांची, चोथा चावल्यासारखी, बर्फात किती दिवस होती देव जाणे. वरून लाल मसाला आणि रवा एवढा की आत काय आहे ते कळू नये. आणि सगळ्यांच्या वाटीत रस्सा एकच! सुरमईला तोच, कोळंबीला तोच, बांगड्याला तोच. अहो बांगड्याच्या कढीत तिरफळं हवीत, ठेचून टाकलेली, त्या वासाशिवाय बांगडा म्हणजे नुसता बांगडा. कोळंबीत कैरी नाहीतर शेवग्याच्या शेंगा पडतात. मोरीला कांदा-खोबऱ्याचं भाजकं वाटप आणि गरम मसाला लागतो. मुडदुशाचं तर आजाऱ्याला चालेल असं साधं पिवळं सार. एकेका माशाचं एकेक घर असतं, यांनी सगळ्यांना एका लॉजवर आणून ठेवलं.

भात कोलमचा. उकडा मागितला तर आहे म्हणाले पण तो स्टाफचा. म्हणजे आत कामाला असलेली माणसं उकडा भात जेवतात आणि मालवणी जेवण जेवायला चारशे किलोमीटर गाडी हाकून आलेला माणूस कोलम जेवतो. असो.

बिल आलं. थाळ्यांचे लिहिलेले पैसे होते त्याबद्दल तक्रार नाही. पापलेट फ्राय ११५०. साहेब काही चिकट माणूस नाहीत, त्यांनी दिले, पण त्यांचा चेहरा पडला तो ११५० साठी नाही तर आधी कुणी सांगितलं नाही म्हणून. मासा आधी दाखवला असता, वजनकाट्यावर ठेवून एवढा आहे, एवढे होतील, करू का, असं विचारलं असतं तर त्यांनी कदाचित हो पण म्हटलं असतं. काही ठिकाणी ट्रे घेऊन टेबलावर येतात, कल्ले उचलून दाखवतात, लाल आहेत बघा, डोळे बघा, तिथे मला कधी भांडण झालेलं ऐकू येत नाही. ए.पी.एस. मध्ये खरं भांडण आहे ते हे, तुमच्या पुण्याच्या वाचकाचं पण मला वाटतं तेच झालं असणार.

निघताना मालक गल्ल्यावर होता. ओळखीचा, त्याची आई आणि मी एका शाळेतल्या. मी मालवणीतच विचारलं की काय रे, सकाळी रापणीक एवढे पेडवे गावले, तुझ्या हॉटेलात एक नाय? तर म्हणतो, "काकी, पेडवे कोण खातलो? काटे असतत. एकाच्या गळ्यात काटो अडाकलो तर माका कोण बघतलो? आणि किलोभर पेडवे साफ करूक बायको अर्धो तास बसता, त्याचे मी गिऱ्हाईकाकडसून काय घेव? सव्वाशे?" मी म्हटलं, "मगे तुझी आवस घरात काय शिजवता?" हसला. म्हणाला पेडवेच.

आता त्याचं म्हणणं खोटं नाही हे मी मान्य करते, घरी पेडवे साफ करताना मी पण दहा वेळा कुरकुरते. पण तो पुढे जे बोलला ते महत्त्वाचं. म्हणाला काकी, लोक गाडीतनं उतरतात ते तोंडात सुरमई घेऊनच उतरतात, नाय म्हटलं तर पुढच्या हॉटेलात जातात. म्हणून मला सुरमई ठेवावीच लागते, समुद्राने दिली नाही तरी ठेवावी लागते. इथली मिळाली तर इथली, नाहीतर गोव्यातनं, नाहीतर आणखी खालून कर्नाटकातनं बर्फातनं गाडी येते, आणि डिसेंबरात सगळ्यांनाच पाहिजे म्हणून दर त्या गाडीवाल्याच्या हातात. म्हणजे बघा हं, महाग पण तीच, शिळी पण तीच, आणि मागणी पण तिलाच. पुण्याच्या वाचकाला वाटतं हॉटेलवाला खिसा कापतो, हॉटेलवाल्याला वाटतं टुरिस्ट घासाघीस करतो, आणि दोघांच्यामध्ये ती बर्फातली सुरमई आरामात झोपलेली.

आणि पावसात तर याचा कहर होतो. १ जून ते ३१ जुलै आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांची विणीची वेळ म्हणून आणि समुद्र खवळलेला म्हणून. त्यानंतरसुद्धा आमच्याकडे बरेच जण नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी खाली ढकलत नाहीत. तरी जुलैत बोर्ड असतो, ताजी सुरमई थाळी. कुठली ताजी? पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे जूनच्या मध्यानंतर तिकडचा मासा ट्रकनं इकडे येऊ शकतो, नाहीतर मग कोल्ड स्टोरेजचा. खाऊ नये असं नाही, बर्फ नीट असेल तर चांगलाच असतो, फक्त ताजा मासा म्हणून विकू नका. आणि खरं म्हणजे पावसात आमची चुलीवरची मजा वेगळीच असते. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर वर ओलं खोबरं आणि कच्चा कांदा घालून, गोलम्याची (सुक्या जवळ्याची) चटणी, ओहोळातले चढणीचे मासे, कुर्ल्या. हे एका तरी हॉटेलच्या कार्डावर जुलैत दिसतं का? माझ्याकडे पावसात आलेल्या एका डोंबिवलीच्या मुलीने पेज आणि सुका बांगडा खाल्ला आणि आईला व्हिडीओ कॉल करून ताट दाखवलं.

सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मला ते दिवस आठवतात, तेव्हा आम्हाला वाटायचं पर्यटन म्हणजे किल्ला बघायला येणारी शाळेची ट्रिप. मग कोकण रेल्वे सुरू झाली, स्कुबा आलं, २०२१ ला चिपीचं विमानतळ झालं. सगळं आलं, चांगलंच झालं, माझ्या दोन खोल्या त्यावरच उभ्या आहेत. पण आमचं ताट मात्र तीन माशांचं झालं. आणि ज्यांच्या जिवावर हे मासे खाता त्या पारंपरिक मच्छीमारांचं काय चाललंय ते तुमच्याच पेपरात येतं, पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी मासे घेरून नेतात, एलईडी लाईट लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ पासून बंदी घातली तरी रात्री समुद्रात लाईट दिसतात, परराज्यातले ट्रॉलर आत घुसतात. त्यावर बोलायला माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत, त्यात मी पडत नाही. मी फक्त ताटाचं बोलते. रापणीवाल्याला जे गावतं त्याला हॉटेलात गिऱ्हाईक नाही आणि हॉटेलात जे लागतं ते रापणीत क्वचितच गावतं, हे गणित कुणाच्या फायद्याचं आहे?

त्याच संध्याकाळी मी मालवण बंदरावर गेले लिलावाला. तुम्ही कधी गेला नसाल तर जा, संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूवरच लिलाव सुरू होतो, एका दमात आकडे बोलतात, आपल्याला कळायच्या आधी ढीग विकला जातो. सुरमई मोजकीच, ती मोठ्या व्यापाऱ्यांनी उचलली. तारल्यांचा आणि पेडव्यांचा हा ढीग! जे विकलं जात नाही ते सुकवायला जातं, फार झालं की फिशमीलच्या गाडीत. म्हणजे त्या हॉटेलपासून फार तर पंधरा मिनिटांवर चांगलाचुंगला ताजा मासा कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जायला निघालाय आणि तिथे टेबलावर माणूस बर्फातली सुरमई चावतोय. हे लिहिताना पण माझं डोकं फिरतंय.

मी दोन वाटे पेडवे घेतले. घरी आल्यावर चिंचवडच्या सूनबाई म्हणाल्या काकू मी करू का मदत, म्हटलं बस. दोघींनी अंगणातल्या नळाखाली बसून खवलं काढली, डोकी काढली, पोट साफ केलं, तिला आधी किळस आली मग जमलं, शेवटी माझ्यापेक्षा भराभर करत होती. तिखलं केलं. काही नाही हो त्यात, मिरची, हळद, आमसुलं, दोन-चार ठेचलेली तिरफळं, वरून कच्चं खोबरेल, पाणी अगदी कमी, मातीच्या भांड्यात आणि डाव फिरवायचा नाही, नाहीतर मासा मोडतो, भांडंच धरून हलवायचं. थोडे तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळले. बरोबर तांदळाची भाकरी. आजीला आंबोळ्या आणि सकाळची उसळ, आजी म्हणाल्या हे काल का नाही दिलंत.

पोराला काट्याची भीती होती. त्याला दाखवलं, शेपटीकडून धरायचा, अंगठ्याने पाठीवरून दाबत यायचं आणि मग मधला काटा उचलायचा, अख्खाच्या अख्खा निघतो झिपसारखा. पहिला फसला. दुसरा निघाला. मग त्याला खेळच झाला तो, सात खाल्ले आणि काट्यांची ताटाच्या कडेला रांग लावली. आणि मध्येच विचारतो काय, काकूआजी हे तेच का सकाळी जाळ्यातले? म्हटलं तेच रे बाबा. तर थोडा वेळ गप्प बसला आणि मग आठवा घेतला.

म्हणून आता मुद्द्यावर येते. हॉटेलवाल्यांनी एकच करावं. दारात एक काळा फळा लावावा आणि रोज त्यावर खडूने लिहावं, आज बंदरावर काय आलं. बांगडा, तारले, मोरी, जे असेल ते. सुरमई असली तर लिहा, नसली तर नाही लिहा आणि बर्फातली असेल तर बर्फातली लिहा, दर कमी ठेवा, ज्याला खायची तो खाईल. साइझप्रमाणे वाल्या माशाचा वजनाचा भाव पण तिथेच लिहा आणि मासा दाखवून, मोजून मगच तव्यावर टाका. पेडव्यांची थाळी सव्वाशेला परवडत नाही ना, तीनशेला लावा! साफ करणाऱ्या बाईला त्यातले द्या. मी माझ्या प्रत्येक गेस्टला सांगेन घ्या म्हणून. काट्याचं म्हणाल तर पहिला मासा वेटरने सोलून दाखवावा, तो झारखंडचा पोरगा दोन दिवसांत शिकेल, आठ वर्षांचा मुलगा एका जेवणात शिकला.

आणि टुरिस्ट मंडळींना एवढंच सांगणं आहे की गाडीतून उतरल्यावर सुरमई आहे का असं विचारू नका, आज काय आलंय असं विचारा. त्या एका प्रश्नाने स्वयंपाकघरातल्या बायका सुद्धा खूश होतात, माझा अनुभव आहे. आणि सकाळी रापणीचा दोर ओढताना फोटो काढलात तर दुपारी त्या जाळ्यातलं काहीतरी मागा.

मालकाला मी हे सगळं जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "काकी, फळो तुमीच आणा, लिवक पण तुमीच येवा." मस्करीत बोलला, पण मी मालवणच्या बाजारात जाऊन खरंच एक फळा आणला, खडूचा डबा आणला. त्याच्या दारात लावायला तो अजून तयार नाही, उद्या बघू परवा बघू चाललंय, म्हणून सध्या माझ्याच पडवीत टांगलाय. संध्याकाळी बंदरावर जाणाऱ्या एका मुलाला फोन करते आणि लिहिते. गेस्ट त्याचा मोबाईलवर फोटो काढतात आणि हॉटेलात जाऊन वेटरला दाखवतात, हे आहे का म्हणून. परवा मालकाचा फोन आला, काकी तुझ्या माणसांनी तारले मागून मागून वात आणलानी. म्हटलं मग आण की!

काल लिहिलं होतं: बांगडा, तारले, थोडी मोरी, मुडदुशे पाच-सहाच. सुरमई नाय.

आपली,
एक न्याहारी-निवासवाली,
तारकर्ली, ता. मालवण